पोटातला गोळा आणि मनावरचे मळभ



आमच्या कार्यालयात आजारी विद्यार्थ्यांची एक नोंदवही असते. ज्याला बरे वाटत नाही त्याचे नाव, इयत्ता, तक्रार आणि घरी किती वाजता पाठवले, एवढे तिच्यात लिहिले जाते. मागच्या सत्राच्या शेवटी आम्ही ही वही सहज चाळली. ताप, सर्दी आणि पडणे-लागणे वर्षभर विखुरलेले होते. 'पोट दुखते' ही नोंद मात्र सोमवारी आणि घटक चाचणीच्या आठवड्यात दाटीवाटीने दिसली.

यावर शिक्षकांच्या खोलीत काय बोलले जाते, ते प्रांजळपणे सांगतो. "गणिताचा पेपर आहे ना, मग दुखणारच!" असे आम्हीही हसत म्हटले आहे. पण पोट खरेच दुखते का, आणि दुखत असेल तर का, हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकांनी तरी हसण्यावारी नेऊ नये. म्हणून या अंकातला पाठ पोट आणि मन यांच्या नात्यावर, आणि विशेषतः नैराश्य या आजारावर.

भाषेला आधीच ठाऊक होते

निकालाच्या दिवशी आपल्या पोटात गोळा येतो. वाईट बातमी ऐकली की पोटात कालवते. दुःखात घास घशाखाली उतरत नाही, अन्न गोड लागत नाही. आईला मुलाची काळजी वाटते तेव्हा तिचे पोट तुटते. आपले बडोद्याचे गुजराती शेजारी घाबरले, तर त्यांच्या 'पेटमां फाळ' पडते. दोन्ही भाषांनी मनाचे दुखणे पोटात नेऊन ठेवले, ते अनुभवातून. त्यामागचे कारण शोधायला विज्ञानाला मात्र बराच वेळ लागला.

पोटाला पडलेली खिडकी

६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका मजुराला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. तो कातड्यांच्या व्यापाऱ्यांकडे कामाला होता. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी उपचार केले आणि तो वाचला. पण जखम पूर्ण मिटली नाही. पोटाच्या भिंतीला जठरापर्यंत जाणारे भोक कायमचे राहिले. बोमाँट यांनी या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडले, ठराविक वेळाने बाहेर काढले आणि पचनाची क्रिया डोळ्यांनी पाहिली. १८३३ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणे पुस्तकरूपाने छापली.

त्या निरीक्षणांपैकी एक आपल्या विषयाचे आहे. सेंट मार्टिन रागावला किंवा वैतागला की त्याच्या जठराच्या आतल्या आवरणाचे रूप बदले आणि पचन बिघडे. मनातली खळबळ पोटात उमटते, हे प्रथमच कोणीतरी प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवले. (गरीब, निरक्षर माणसावर वर्षानुवर्षे असे प्रयोग करणे योग्य होते का, हा प्रश्न वर्गात जरूर चर्चेला घ्यावा.)

पोटातली चेतासंस्था

आता थोडी शरीररचना पाहू. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत चेतापेशींचे एक जाळे पसरलेले आहे. (गुजराती पुस्तकात यांना 'चेताकोष' म्हटले आहे.) या जाळ्यात दहा कोटींहून अधिक चेतापेशी आहेत. आतड्याने केव्हा आकुंचन पावायचे, किती रस सोडायचा, हे कामकाज हे जाळे बरेचसे स्वतःच चालवते. म्हणून काही शास्त्रज्ञ त्याला 'दुसरा मेंदू' म्हणतात. गणित सोडवणारा मेंदू हा नव्हे, पण आपले काम जाणणारा खरा.

या जाळ्याचा डोक्यातल्या मेंदूशी संबंध येतो तो मुख्यतः 'व्हेगस' नावाच्या लांब चेतेमार्फत. या चेतेतील सुमारे ८० टक्के तंतू वरून खाली हुकूम नेत नाहीत, तर खालून वर बातम्या नेतात. म्हणजे मेंदू पोटाला जितके सांगतो, त्याहून पुष्कळ अधिक पोट मेंदूला सांगत असते.

बातम्यांचे आणखी दोन रस्ते आहेत. एक रक्तातील संप्रेरकांचा. परीक्षेची भीती वाटली की मेंदूच्या आज्ञेने मूत्रपिंडावरील ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. ताणाच्या वेळी आतड्याची चाल बदलते आणि तिथल्या संवेदना तीव्र होतात. एरवी जाणवलाही नसता असा वायूचा दाब अशा वेळी कळ म्हणून जाणवतो. दुसरा रस्ता रोगप्रतिकारशक्तीचा. आतड्याच्या भिंतीला दाह झाला की त्याचे रासायनिक संदेश रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचतात, आणि माणसाला थकवा व उदासी जाणवू शकते. तापात कशातच मन लागत नाही, हा अनुभव सगळ्यांनाच आहे.

तेव्हा वहीतल्या 'पोट दुखते' या नोंदी पुन्हा वाचू. मुलाला भीती वाटत असेल आणि त्याचे पोट दुखत असेल, तर दोन्ही खरे आहे. भीतीने दुखणारे पोटही खरेच दुखते.

सेरोटोनिनचा गैरसमज

सेरोटोनिन हे रसायन मनःस्थितीशी संबंधित आहे, असे वर्तमानपत्रांत वारंवार येते. शरीरातील सेरोटोनिनपैकी सुमारे ९० टक्के पचनमार्गात असते, हेही खरे आहे. त्यावरून 'आनंद पोटातच तयार होतो' असे वाक्य काही जण ठोकून देतात. इथे सावध राहावे. आतड्यातले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधली चाळणी ते अडवते. मेंदू आपल्यापुरते सेरोटोनिन स्वतः बनवतो. आतड्यातले सेरोटोनिन तिथली हालचाल घडवते आणि व्हेगस चेतेला संदेश देते. तेव्हा पोट आणि मन यांचा संबंध आहे, पण तो इतका सरळसोट नाही.

एक उपयोगी गोष्ट मात्र यातून कळते. नैराश्यावरील काही औषधे सेरोटोनिनवर काम करतात. ती सुरू केल्यावर पहिले काही दिवस मळमळ किंवा पोटात गडबड होऊ शकते, कारण आतडेही त्यांना प्रतिसाद देते. 'औषध मानवत नाही' म्हणून ते परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना विचारावे.

आतड्यातले भाडेकरू

आपल्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. शरीरात पेशींच्या दहापट जीवाणू असतात, असे पूर्वी पुस्तकांत छापलेले असे. २०१६ मध्ये नव्याने केलेल्या हिशेबात जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी आणि आपल्या पेशी सुमारे ३० लाख कोटी निघाल्या, म्हणजे जवळजवळ बरोबरीच. हे भाडेकरू फुकट राहत नाहीत. आपल्याला न पचलेला चोथा आंबवून ते अशी आम्ले तयार करतात, ज्यांवर आतड्याच्या पेशी पोसल्या जातात आणि दाह आटोक्यात राहतो.

त्यांचा मनाशी संबंध आहे का? २००४ मध्ये जपानमधील संशोधकांनी एकही जंतू नसलेल्या वातावरणात उंदीर वाढवले. या उंदरांना थोडे कोंडून ठेवले, तर त्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरके नेहमीच्या उंदरांपेक्षा जास्त वाढली. लहानपणीच त्यांना एक विशिष्ट जीवाणू दिला, तर हा फरक नाहीसा झाला. २०११ मध्ये आयर्लंडमधील संशोधकांनी उंदरांना एका जातीचा लॅक्टोबॅसिलस दिला, तेव्हा ते कमी भित्रे झाले. पण ज्यांची व्हेगस चेता कापली होती, त्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही. बातमी कोणत्या तारेने जाते, ते त्यामुळे कळले.

मग हाच जीवाणू माणसांना दिला तर? तोही प्रयोग झाला. २९ निरोगी पुरुषांवरील या अभ्यासाचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ताण, चिंता, स्मरणशक्ती यांपैकी कशातही फरक पडला नाही. उंदरांत दिसले ते माणसांत दिसेलच असे नाही, हे विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवण्यासारखे आहे. दुकानात मिळणाऱ्या महागड्या 'जीवाणूंच्या गोळ्या' विकत घेण्यापूर्वी पालकांनीही ते आठवावे.

माणसांवर झालेले मोठे अभ्यासही आहेत. २०१९ मध्ये बेल्जियममधील एक हजाराहून अधिक लोकांच्या तपासणीत, नैराश्य असलेल्यांच्या आतड्यात जीवाणूंचे दोन गट कमी आढळले. पण जीवाणू कमी झाले म्हणून नैराश्य आले, की नैराश्यामुळे खाणे बिघडले आणि मग जीवाणू कमी झाले, हे अशा तपासणीवरून ठरत नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. ऑस्ट्रेलियात १२ वर्षे लोकांचा मागोवा घेऊन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर दोन्ही दिशा दिसल्या. काहींना आधी पोटाची तक्रार होती आणि नंतर चिंता जडली. काहींना आधी चिंता वा नैराश्य होते आणि पोट नंतर बिघडले. रस्ता दुतर्फा आहे.

ताटाचे काम किती?

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातच आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले आणि निकृष्ट आहार घेणारे ६७ प्रौढ त्यात होते. निम्म्यांना आहारतज्ज्ञाने १२ आठवडे मार्गदर्शन केले: भाज्या, फळे, डाळी-कडधान्ये, अख्खे धान्य, सुकामेवा, मासे, ऑलिव्ह तेल वाढवा, गोड, तळलेले आणि मैद्याचे पदार्थ कमी करा. उरलेल्यांना तेवढाच वेळ गप्पांची सोबत दिली. शेवटी आहार सुधारलेल्यांपैकी ३२ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले, तर सोबत मिळालेल्यांपैकी ८ टक्क्यांचे. ही बातमी आशादायक आहे. पण प्रयोग लहान होता, आपण कोणत्या गटात आहोत हे सहभागी लोकांना ठाऊक होते, आणि बहुतेकांचे औषध किंवा समुपदेशन आधीपासून चालू होते. आहार उपचाराच्या जोडीला होता, उपचाराच्या जागी नव्हता.

आपल्या ताटात याची सोय मुबलक आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, फळ यांतून चोथा मिळतो. बडोद्याची सेव-उसळही चालेल, उसळ जास्त आणि सेव नावाला असेल तर! घरचे दही-ताक आणि शेजारची छाश यांत जिवंत जीवाणू असतात. ढोकळा आणि हांडवा आंबवलेले असले, तरी शिजवताना त्यातले जीवाणू मरतात. ते पचायला हलके जरूर होतात. कुरकुरीत पाकिटे, बाटलीतली गोड पेये आणि रात्री उशिरापर्यंत जागरण हे मात्र पोटाला मानवत नाही, आणि झोप बिघडली की मनही बिघडते.

आमची एक चूक

आता थोडे अवघड बोलायचे आहे. काही वर्षांपूर्वी नववीतला एक मुलगा सतत गैरहजर राहू लागला. कारण एकच, पोटदुखी. घरच्यांनी ओवा, हिंग, चूर्ण सगळे केले. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली. सगळे 'नॉर्मल' आले. मग घरीही आणि शाळेतही एकच शब्द रूढ झाला: बहाणा. आम्ही त्याला वर्गासमोर बोललो. तो ऐकून घेई आणि खाली बघे.

पुढे एका डॉक्टरांनी पोट तपासून झाल्यावर त्याला जवळ बसवून वेगळेच प्रश्न विचारले. झोप लागते का? खेळायला जावेसे वाटते का? कधी असे वाटते का, की आपण नसतो तर बरे झाले असते? शेवटच्या प्रश्नावर तो रडू लागला. त्याला नैराश्य होते. समुपदेशन आणि औषधे चालू झाली. कित्येक महिने लागले, पण तो सावरला. पोटदुखीही हळूहळू कमी झाली. त्याच्या आईने आम्हाला विचारले, "सर, वर्षभर तो पोटाच्या भाषेत सांगत होता. आपल्याला कुणालाच का समजले नाही?" आमच्याकडे उत्तर नव्हते. हा पाठ लिहिण्याचे खरे कारण ते आहे.

मुलांमधील नैराश्य नेहमी रडण्यातून दिसत नाही. चिडचिड, अभ्यासातले लक्ष उडणे, आणि डोके-पोट दुखणे यांतूनही ते दिसते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) आपल्या देशात दर वीस प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्याने गाठलेले आढळले. त्यांतील फार थोड्यांना उपचार मिळाले होते. 'पोट साफ ठेवा, मन आपोआप प्रसन्न होईल' हा सल्ला चांगल्या हेतूने दिला जातो. पण नैराश्य असलेल्या मुलाला वर्षभर नुसते चूर्ण देत राहणे म्हणजे उपचार लांबवणे होय.

याची दुसरी बाजूही विसरू नये. पूर्वी जठरातील अल्सरला काळजी आणि तिखट जबाबदार धरले जाई. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी दाखवले की बहुतेक अल्सरांमागे एक जीवाणू असतो. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जीवाणू स्वतः पिऊन पाहिला. दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. म्हणून प्रत्येक पोटदुखी 'मनाची' म्हणून सोडून देणेही चूकच.

काय करावे?

*विद्यार्थ्यांनी:* पंधरा दिवस एक वही ठेवा. तीन रकाने करा: आज काय खाल्ले, किती तास झोपलो, पोट आणि मन कसे होते. शेवटी स्वतःच वाचून पाहा. पेपरच्या आधी पोटात गोळा आला, तर सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा, असे पाच मिनिटे करा. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, तर आई-बाबा, आजी, शिक्षक, ज्यांच्याशी मोकळे बोलता येते त्यांना सांगा. मनातले पोटात ठेवू नका. जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. फोन केला म्हणून कोणी रागावत नाही.

*पालकांनी:* शौचात रक्त, वजन घटणे, वारंवार उलट्या, ताप, किंवा झोपेतून उठवणारी कळ असेल, तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. तपासण्या ठीक आल्या तर 'काही झालेले नाही' असे म्हणू नये. 'पोटात काही सापडले नाही, आता मनाचे विचारू या' असे म्हणावे. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो, तसेच ते.

*विश्वस्तांना विनंती:* मुले दिवसभर स्वच्छतागृह टाळतात, पाणी कमी पितात आणि मधल्या सुट्टीत डबा कसाबसा गिळतात. बद्धकोष्ठ तिथूनच सुरू होते. स्वच्छ स्वच्छतागृहे, पिण्याचे चांगले पाणी, डब्यासाठी दहा मिनिटे जादा, आणि आठवड्यातून निदान एक दिवस समुपदेशक, एवढे झाले तर पोट आणि मन दोन्हींची सोय होईल.

आमच्याकडून आम्ही एक ठरवले आहे. नोंदवहीत आता एक रकाना वाढवला आहे. 'पोट दुखते' असे लिहिल्यावर शिक्षकाने मुलाला शेजारी बसवून विचारायचे, "आज काय झाले?", आणि उत्तर ऐकून मगच घरी फोन करायचा. 'बहाणा' हा शब्द त्या वहीत पुन्हा लिहिला जाणार नाही.

स्वाध्याय

१. व्हेगस चेतेतील बहुतेक तंतू कोणत्या दिशेने संदेश नेतात? त्यावरून काय समजते?
२. आतड्यातील सेरोटोनिन मेंदूत का पोचत नाही?
३. बेल्जियममधील तपासणीवरून 'जीवाणू कमी झाल्याने नैराश्य येते' असे का म्हणता येत नाही? तुमच्या शब्दांत लिहा.
४. 'पोट' असलेले दहा वाक्प्रचार घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा. त्यांपैकी किती मनाविषयी आहेत ते मोजा.
५. तुमचा मित्र रोज पोटदुखीमुळे गैरहजर राहतो. तुम्ही त्याला कोणते दोन प्रश्न विचाराल?